डेपेश मोडचा ‘मेमेंटो मोरी’: दोघांचं गाणं आणि त्यातली मोकळी जागा

‘मेमेंटो मोरी’ हा डेपेश मोड या इंग्लिश बँडचा पंधरावा स्टुडिओ अल्बम. आधीच्या ‘स्पिरिट’ अल्बमनंतर सहा वर्षांनी, २४ मार्च २०२३ ला तो आला. बारा गाणी, साधारण पन्नास मिनिटं. चाळीस वर्षांहून जास्त काळ सिंथवर, म्हणजे विजेवर सूर तयार करणाऱ्या सिंथेसायझरवर, गाणी बांधणाऱ्या या मंडळींचं गेल्या वीस वर्षांतलं हे सगळ्यात चांगलं काम आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे. पण हा अल्बम मोबाईलच्या स्पीकरवर कळत नाही आणि मिरवणुकीतल्या डॉल्बीवर तर मुळीच कळत नाही. एकदा ऐकून ‘फार संथ आहे, काही घडतच नाही’ म्हणत बाजूला ठेवणारे बरेच भेटतात. त्यात घडतं ते दोन आवाजांच्या मधल्या जागेत, आणि ती जागा ऐकू यायला थोडी तयारी लागते. म्हणून इथे गाण्यांइतकंच ऐकण्याच्या तजविजीबद्दलही लिहिलं आहे.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. अल्बम बँडचा कीबोर्डवादक अँडी फ्लेचर याच्या मृत्यूवर बेतलेला आहे असं सर्रास सांगितलं जातं. ते खरं नाही. फ्लेचर २६ मे २०२२ रोजी महाधमनी फाटून गेला, वयाच्या साठाव्या वर्षी. तोवर बहुतेक गाणी लिहून झाली होती आणि अल्बमचं नावही ठरलं होतं. बँडचा मुख्य गीतकार मार्टिन गोर याने ती करोनाच्या काळात लिहायला घेतली होती. ‘मरण आहे, विसरू नकोस’ एवढाच त्या लॅटिन नावाचा अर्थ. कीर्तनाला बसणाऱ्या माणसाला यात नवं काही नाही. सोलापुरात तर सिद्धरामेश्वरांची समाधी शहराच्या मधोमध, तळ्यातल्या देवळात आहे आणि संक्रांतीला त्याच देवाच्या यात्रेत गड्डा, म्हणजे मोठी जत्रा, भरतो. समाधी आणि पाळणे शेजारी-शेजारी नांदतात. या अल्बमचा स्वभावही काहीसा तसाच आहे: विषय मरणाचा, पण अर्ध्याहून जास्त गाण्यांवर पाय ताल धरतो.

फ्लेचर गेल्यावर काही आठवड्यांतच कॅलिफोर्नियात सांता बार्बराला, गोरच्या स्टुडिओत काम सुरू झालं. गायक डेव्ह गहान आणि गोर, दोघेच उरले. निर्माता जेम्स फोर्ड, तोच ज्याने ‘स्पिरिट’ केला होता, आणि ध्वनिमुद्रण व जास्तीची निर्मिती मार्टा सालोनी हिची. फ्लेचरची उणीव वाद्यांत शोधायला गेलात तर सापडणार नाही, कारण रेकॉर्डवर त्याने वाजवलेलं मुळात कमीच असायचं. आपल्या वाद्यवृंदांतही असा एक जण असतो. स्टेजवर त्याच्यापुढे एक कीबोर्ड असतो, पण त्याचं खरं काम म्हणजे दोन तापट माणसांच्या मधे बसणं, तारखा ठरवणं, ‘हे गाणं जरा लांबलंय’ असं तोंडावर सांगणं. असा माणूस गेला की सूर तसेच राहतात, पण वाजवणाऱ्यांची एकमेकांकडे पाहायची पद्धत बदलते. ‘वॅगिंग टंग’ हे गाणं गहान आणि गोर या दोघांनी मिळून लिहिलेलं आहे, आणि या दोघांची जोडनावं डेपेश मोडच्या इतिहासात अगदी विरळा सापडतात. बदल झाला तो असा.

ज्यांना हा बँड नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. इंग्लंडमधल्या बेसिल्डन गावी १९८० मध्ये व्हिन्स क्लार्क, गोर, फ्लेचर आणि गहान यांनी तो उभा केला. १९८१ चा पहिला अल्बम डॅनियल मिलरच्या म्यूट रेकॉर्ड्सवर निघाला. त्या वेळची त्यांची बरीचशी वाद्यं एका वेळी एकच सूर काढणारी होती, त्यामुळे कॉर्ड धरून बसायची सोयच नव्हती. प्रत्येक वाद्याने आपापली एक ओळ वाजवायची आणि त्या ओळी एकमेकींत विणायच्या. पुढे भरपूर पैसे आणि भरपूर यंत्रं आली तरी ही सवय सुटली नाही. क्लार्क वर्षभरातच बाहेर पडला, १९८२ मध्ये ॲलन वाइल्डर आला आणि १९९५ पर्यंत राहिला. १९८३ च्या ‘कन्स्ट्रक्शन टाइम अगेन’साठी त्यांनी लंडनच्या शोरडिचमध्ये बांधकामाच्या जागी पाईप आणि पत्रे ठोकून आवाज टेप केले आणि ते सॅम्पलरमध्ये, म्हणजे टेप केलेला आवाज वाद्यासारखा वाजवणाऱ्या यंत्रात, घालून ताल बनवला. १९९० चा ‘व्हायोलेटर’ फ्लड या निर्मात्याबरोबर केला. सिंथ आणि गिटार यांची जी सोयरीक आज सगळीकडे दिसते, ती तिथे पक्की झाली.

सोलापूरच्या कानाला हे सगळं परकं वाटायचं कारण नाही. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत किंवा पूर्वभागात कुठेही उभं राहा: यंत्रमागाचा धोटा मिनिटाला शंभरावर फेऱ्या मारतो, त्याच्यामागे फणी ठोकते, आणि शेजारचा माग किंचित वेगळ्या वेगाने चालत असल्यामुळे दोघांचे ठोके हळूहळू एकमेकांपासून सरकतात आणि काही वेळाने पुन्हा जुळतात. नाचाच्या गाण्याचा वेगही त्याच टापूत असतो. यंत्राच्या तालात माणसाचं दुःख बसू शकतं, हे या शहराला कुणी शिकवायला नको.

अल्बमचा कणा समजून घ्यायला पेटीवरचा लेहरा आठवावा. तबल्याच्या एकल वादनात पेटीवाला एकच आवर्तन तासभर धरून ठेवतो. त्यात त्याने काही करून दाखवायचं नसतं, पण तो हलला तर तबलजीचं सगळं कोसळतं. ‘मेमेंटो मोरी’त सिंथच्या सीक्वेन्सचं काम नेमकं लेहऱ्याचं आहे. आठ किंवा सोळा सुरांची एक ओळ सुरू होते आणि गाणंभर चालत राहते. बदलतो तो तिचा रंग: फिल्टर थोडा उघडतो, किंवा एखादा सूर जरासा फाटतो. वरून गहानचा जाड, खालच्या पट्टीतला आवाज, आणि त्याच्यावर गोरचा चढा, पातळ आवाज. कीर्तनात बुवांच्या मागे झील ओढतात ना, तसा. ही झील अल्बमभर आहे, आणि फोर्ड-सालोनी यांनी ती जवळजवळ कोरडी, कानाजवळ ठेवली आहे. रिव्हर्बच्या, म्हणजे घुमाऱ्याच्या, धुक्यात ती ढकलली असती तर अर्धा अल्बम गेला असता.

पहिलं गाणं ‘माय कॉसमॉस इज माइन’. सुरुवातीला एक घरघरणारा, मुद्दाम फाडलेला बास, यंत्र गंजलंय असं वाटायला लावणारा. लय संथ, आणि ठोका पडतो तो सावकाश, ओझं खाली ठेवावं तसा. गहान जवळजवळ बोलतो. बाहेरच्या युद्धाला आणि गोंगाटाला दारातच अडवणारं हे गाणं आहे. परत आलेल्या बँडने पहिल्याच गाण्यात श्रोत्याला खूश करायचं नाकारलं, ही हिंमत आहे. मधल्या भागात स्वर एकदम मोकळे होतात आणि गोरची झील उघडते. तिथपर्यंत थांबला नाहीत तर गाणं हाती लागत नाही.

‘वॅगिंग टंग’ लगेच हलकं करतं. टिपरीसारख्या टोकदार सिंथची ओळ, क्राफ्टवर्क या जर्मन बँडच्या वळणाची. ती ऐकताना उजव्या-डाव्या बाजूंकडे लक्ष द्या, स्टिरिओतली मांडणी फार नेटकी आहे.

‘घोस्ट्स अगेन’ हे अल्बमचं काळीज. ९ फेब्रुवारी २०२३ ला तेच आधी प्रसिद्ध झालं होतं. गोर सहसा एकट्याने लिहितो, पण या अल्बमची चार गाणी त्याने सायकेडेलिक फर्झ या बँडच्या रिचर्ड बटलरबरोबर लिहिली. हे त्यांतलं एक. धावता ताल, ठेचून चालणारा बास, आणि त्यावर गिटारची साधी ओळ, जी कुणीही दुसऱ्यांदा ऐकल्यावर गुणगुणेल. शब्द निरोपाचे आहेत, चाल मात्र प्रवासाला निघाल्यासारखी. गाण्यातली खरी कारागिरी आवर घालण्यात आहे. शेवटच्या ध्रुपदाला ढोल वाढवायचे, कोरस चढवायचा, पट्टी बदलायची, या सगळ्या नेहमीच्या युक्त्या हाताशी असताना एकही वापरलेली नाही. गाणं ज्या उंचीवर सुरू होतं जवळपास त्याच उंचीवर संपतं, आणि म्हणूनच पुन्हा लावावंसं वाटतं. याच्या व्हिडिओत गहान आणि गोर बुद्धिबळ खेळतात. दिग्दर्शक अँटन कॉर्बाइन, जो १९८६ पासून या बँडची प्रतिमा घडवतो आहे.

‘डोन्ट से यू लव्ह मी’ हे संथ, तंतुवाद्यांच्या छायेतलं गाणं. त्याच्यानंतर येणारं ‘माय फेव्हरिट स्ट्रेंजर’ मात्र थांबून ऐकण्यासारखं. काळा, एकसुरी बास पळतो आहे, त्यावर गिटार आहे, पण ती सूर वाजवत नाही, ओरबाडते. स्वतःच्या आत राहणाऱ्या परक्या माणसाबद्दलचं गाणं आहे आणि तो परका गिटारच्या आवाजात आहे. जुन्या डेपेश मोडला ज्यांनी अंधाऱ्या बाजूसाठी जीव लावला, त्यांनी इथून सुरुवात केली तरी चालेल.

‘सोल विथ मी’ हे एकटा गोर गातो. मरणाच्या दारात उभा असलेला माणूस सामान आवरून निघतोय आणि त्याला भीती नाही. चाल जवळजवळ प्रार्थनेची. गोरच्या आवाजातला कंप काहींना जास्त वाटेल; आम्हाला तो योग्य वाटला, कारण बाकी सगळा अल्बम इतका आवरलेला आहे की एका ठिकाणी तरी कुणीतरी उघडं पडायलाच हवं होतं.

पुढचा टप्पा किंचित उतरतो. ‘कॅरोलाइन्स मंकी’ व्यसनाबद्दल आहे, शब्द चांगले आहेत, पण चाल जिथल्या तिथे फिरते. ‘बिफोर वी ड्राउन’ हे गहानने दौऱ्यातले साथीदार पीटर गॉर्डेनो आणि ख्रिश्चन आयग्नर यांच्याबरोबर लिहिलेलं गाणं. ते टिकतं, ‘ऑल्वेज यू’ सुंदर सजवलेलं असूनही लक्षात राहत नाही. ‘नेव्हर लेट मी गो’ गिटारच्या जोरावर धावतं आणि थोडं आधीच ऐकल्यासारखं वाटतं. यांतलं एखादं गाणं वगळलं असतं तर अल्बम अजून घट्ट झाला असता. मधेच ‘पीपल आर गुड’ आहे, माणसं चांगली असतात असं स्वतःलाच बजावणारं. सिंथप्रेमींना त्यातला टिकटिकता ताल आवडेल. शेवटच्या गाण्याकडे नंतर येऊ.

ऐकण्याची तजवीज

मोबाईलचा स्पीकर साधारण ३०० हर्ट्झच्या खालचं फारसं काढत नाही. या अल्बमच्या बासचा पाया ४० ते १०० हर्ट्झमध्ये आहे आणि लेहरा तिथेच चालतो. म्हणजे मोबाईलवर पेटीवाला उठून गेलेला असतो आणि तुम्ही नुसता तबला ऐकत बसता. दोन इंची पडद्याचे ब्लूटूथ स्पीकर त्याहून थोडे बरे, पण ते आवाज वाढवला की बास आपोआप कमी करतात, पडदा फाटू नये म्हणून. अशा स्पीकरवर ऐकायचंच असेल तर आवाज निम्म्याच्या वर नेऊ नका.

डॉल्बीची अडचण उलटी आहे. तिथे ५० ते ८० हर्ट्झचा पट्टा मुद्दाम उचललेला असतो, कारण ढोलाचा ठोका छातीवर बसायला हवा. ठोक्यानंतर शांतता असते तेव्हा हे चालतं. इथे बास अखंड चालू असतो, त्यामुळे लिमिटर, म्हणजे आवाज मर्यादेबाहेर जाऊ न देणारं यंत्र, सतत दाबून धरतो आणि प्रत्येक सुराला गायकाचा आवाज खाली बसतो, पुन्हा वर येतो. गहान श्वास लागल्यासारखा गातोय असं वाटलं, तर दोष त्या सेटिंगचा. गाडीतल्या आणि घरातल्या सिस्टीमवरही ‘बास बूस्ट’, ‘रॉक’, ‘पार्टी’ असले पर्याय बंद करून इक्वलायझर सरळ रेषेत ठेवा.

स्ट्रीमिंगवर ऐकत असाल तर गुणवत्ता सगळ्यात वरची निवडा. ३२० केबीपीएसला अख्खा अल्बम साधारण १२० एमबी डेटा खातो. एकदा वायफायवर उतरवून ठेवला की प्रश्न मिटला. ‘क्रॉसफेड’ शून्यावर आणा, नाहीतर एका गाण्याची शेपटी दुसऱ्याच्या डोक्यावर चढते.

आता खोली. सोलापुरातल्या बऱ्याच घरांत खाली शहाबादी फरशी, वर स्लॅब, चारी बाजूंना गुळगुळीत गिलावा. टाळी वाजवून बघा, झंकार ऐकू येतो. त्या झंकारात गोरची झील आणि टिपरीसारखे सिंथ एकमेकांत मिसळतात. उपाय घरातच आहे. स्पीकर आणि तुमच्यामधल्या फरशीवर जाड सतरंजी अंथरा. बाजूच्या भिंतीवर, जिथे आरसा धरला तर बसल्या जागेवरून स्पीकर दिसेल तिथे, सोलापुरी चादर दुहेरी घडी करून टांगा. भिंतीला चिकटवू नका, दोन-तीन इंच पोकळी ठेवा, त्यामुळे ती जास्त आवाज शोषते. दोन्ही बाजूंना एकेक पुरते. चादर वरचे आणि मधले सूर आवरते, खालच्या बासवर तिचा परिणाम होत नाही. तिथे कोपऱ्यात गुंडाळून उभी केलेली कापसाची गादी थोडीफार मदत करते.

१० बाय १२ फुटांच्या खोलीत ४७ आणि ५६ हर्ट्झच्या आसपासचे सूर खोलीच्या लांबी-रुंदीमुळेच फुगतात. ‘माय कॉसमॉस इज माइन’चा बास काही सुरांवर गडगडतो आणि काहींवर गायब होतो, तो यामुळे. स्पीकर कोपऱ्यात किंवा कपाटात कोंबू नका, भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे घ्या. स्वतः भिंतीला टेकून बसू नका आणि खोलीच्या अगदी मध्यावरही नको; १२ फुटांच्या लांबीत मागच्या भिंतीपासून साधारण साडेचार फूट ही जागा बहुतेक ठिकाणी चांगली निघते. दोन स्पीकरमधलं अंतर आणि प्रत्येकाचं तुमच्यापासूनचं अंतर सारखं ठेवा, म्हणजे आवाज मधोमध उभा राहतो.

घुंईं असा आवाज येत असेल तर तो बहुधा ५० हर्ट्झचा, विजेचा. आपल्या दुर्दैवाने तो सूर खालच्या जी-च्या इतका जवळ आहे की या अल्बममधल्या बासशी तो थेट भांडतो. लॅपटॉप चार्जरला लावलेला असेल तर काढून बॅटरीवर चालवा. आवाज थांबला तर कारण सापडलं. मग सगळी उपकरणं एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घ्या. प्लगची अर्थिंगची पिन कापून घुंईं घालवायचा प्रकार काही जण करतात, तो जिवावर बेतू शकतो. कधीही करू नका.

आणि उन्हाळा. कूलर चालू असताना या अल्बममधल्या शांत जागा ऐकू येणं शक्य नाही, आणि मे महिन्यात कूलर बंद करा असं कुणाला सांगता येत नाही. रात्री अकरानंतर किंवा पहाटे ऐका, नाहीतर कान नीट बंद करणारे इअरफोन वापरा. रबराची टोपी योग्य मापाची नसेल तर बास गळून जातो. बोटाने हलकं दाबल्यावर बास वाढला तर एक माप मोठी टोपी लावा. हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जाताना ऐकायचा असेल तर आवाज दाबणारे हेडफोनच हवेत, कारण चाकांची घरघर नेमकी बासच्याच पट्ट्यात येते आणि माणूस नकळत आवाज वाढवत जातो. कुर्डुवाडी येईपर्यंत अल्बम साधारण संपलेला असतो.

हा अल्बम दोन तबकड्यांच्या एलपी संचातही मिळतो. घेतलात तर माळ्यावर किंवा पत्र्याखाली ठेवू नका. तबकडीचं प्लास्टिक साठ अंशांच्या पुढे मऊ पडायला लागतं, आणि उन्हात लावलेल्या गाडीत तेवढं तापमान मे महिन्यात सहज होतं. उभ्या ठेवा, एकावर एक आडव्या रचू नका. धूळ हा दुसरा शत्रू. प्रत्येक वेळी कार्बनच्या ब्रशने दोन फेऱ्या फिरवून मगच सुई टेकवा. आवाजाच्या दृष्टीने सीडी पुरेशी आहे आणि तिला आपली हवा सोसते, त्यामुळे पहिली खरेदी तीच करावी.

वाजवणाऱ्यांसाठी

वाद्यवृंदात, बेंजो पार्टीत किंवा चर्चमध्ये कीबोर्ड वाजवणाऱ्यांनी ‘घोस्ट्स अगेन’ बसवून बघावं. सोपं दिसतं, पण बसवताना नेहमीच्या सवयी आड येतात. पहिली सवय ऑटो स्टाईलची. ती बंद करा, नाहीतर कीबोर्ड आपला स्वतःचा बास आणि ड्रम त्यात ओततो. दुसरी, डाव्या हाताने तीन-चार सुरांची कॉर्ड धरून ठेवण्याची. इथे डाव्या हातात एका वेळी एकच सूर.

बाससाठी सॉ किंवा स्क्वेअर जातीचा साधा टोन घ्या. मोनो मोड, कोरस बंद, रिव्हर्ब शून्य. फिल्टरचा कटऑफ ४०० हर्ट्झच्या आसपास उतरवा, रेझोनन्स कमी, डिके साधारण २०० मिलिसेकंद, सस्टेन जवळजवळ तळाशी. सगळे सूर सारख्या जोराने यायला हवेत, म्हणून व्हेलॉसिटी १०० वर बांधून टाका. कारखान्यातून येणाऱ्या बहुतेक टोनवर हॉल रिव्हर्ब आधीच चढवलेला असतो. बास ‘मोठा’ वाटतो म्हणून लोक तो तसाच ठेवतात आणि मग गायक म्हणतो, माझा आवाज बुडतोय. बुडणारच.

पॅडसाठी दोन सॉ लहरी, एक सहा सेंट वर आणि एक सहा सेंट खाली. अटॅक ४०० ते ६०० मिलिसेकंद, रिलीज दीड सेकंद. २०० हर्ट्झच्या खालचं कापून टाका, कारण ती जागा पुरुषाच्या खालच्या आवाजाची आहे. फिल्टरला अगदी मंद एलएफओ लावा, ०.१ ते ०.२ हर्ट्झ, म्हणजे पाच ते दहा सेकंदांत एक श्वास. पॅडचा आवाज इतका ठेवा की चालू असताना कळू नये, पण बंद केल्यावर चुकल्यासारखं वाटावं. गिटारची ओळ गिटारवरच वाजवा. कीबोर्डवरची गिटार इथे उघडी पडते.

ऑक्टापॅडवाल्यांनी रोल आणि भरती यांना आवर घालायचा. सॅम्पल घेणारं पॅड असेल, उदाहरणार्थ रोलँड एसपीडी-एसएक्स, तर मागाचे आवाज टेप करून वापरण्यासारखे आहेत. एसपीडी-३० मध्ये ही सोय नाही. टेप करताना मागापासून दहा-बारा फूट लांब उभे राहा, जवळून मोबाईलचा माईक फाटतो. रेकॉर्डिंगच्या ॲपमधला ऑटो गेन बंद करा, नाहीतर प्रत्येक ठोक्यानंतर मागची घरघर फुगून वर येते. धोटा आदळल्याचा एक आणि फणी ठोकल्याचा एक, असे दोनच आवाज निवडा. १०० हर्ट्झच्या खालचं कापा, सुरुवात ठोक्याच्या अगदी कडेवर छाटा, सर्वोच्च पातळी उणे सहा डीबीवर ठेवा, ४४.१ किलोहर्ट्झ १६ बिटची वेव्ह फाईल करा. कड नीट छाटली नाही तर पॅडवर काठी पडल्यावर आवाज उशिरा येतो आणि वाजवणारा आपलाच ताल चुकतोय समजून घाबरतो.

एक पट्टीचा मुद्दा. गहानचा आवाज खाली असतो म्हणून आपले गायक ट्रान्सपोज करून गाणं वर घेतात. दोन सुरांपर्यंत ठीक. त्यापुढे बासची ओळ पातळ होते आणि झील इतकी चढते की ती ओढायला माणूस मिळत नाही. गाणं वर न्यायचंच असेल तर बास एक सप्तक खाली ठेवून बघा.

आता शेवटचं गाणं, ‘स्पीक टू मी’. गहानच्या कल्पनेतून आलेलं. सुरुवातीला ऑर्गनसारखा एक स्थिर सूर आणि त्यावर एकटा आवाज, अंधाऱ्या खोलीत कुणाला तरी साद घालणारा. ताल जवळजवळ नाहीच. मग मागून आवाजांचा एक लोट हळूहळू वर यायला लागतो, गायकाच्या खांद्यापर्यंत, डोक्यावरून. इथे आवाज कमी करायचा मोह होतो, तो आवरा. त्यासाठीच सुरुवातीला पातळी बेताची ठेवलेली बरी. ॲपमधला ऑटोप्ले मात्र आधीच बंद करून ठेवा, कारण गाणं संपताच दुसरंच काहीतरी सुरू झालं तर त्या लोटानंतरची शांतता हातची जाते. रिपीट लावायचा असेल तर एका गाण्यावर न लावता पूर्ण अल्बमवर लावा. मग त्या शांततेतून थेट पहिल्या गाण्याचा गंजलेला बास पुन्हा घरघरत वर येतो.